पाण्याने आखलेला प्रांत

जेझुइट पाद्री होसे दे आकोस्ता १५७२ मध्ये पेरूत आला आणि काही वर्षांतच पारियाकाका नावाच्या बर्फाच्या डोंगराखालचा घाट चढू लागला. घाट बाधतो असं त्याला आधीच सांगितलेलं होतं, म्हणून तो जमेल तेवढ्या तयारीने निघाला होता. तयारी काही कामाला आली नाही. वर पोचता पोचता पोटात असं ढवळून आलं की आधी अन्न, मग कफ, मग हिरवं-पिवळं पित्त आणि शेवटी रक्तही पडलं. सोबत्यांमधले काही जमिनीवर लोळत होते. आपण आता जगत नाही असं वाटून कुणी पापनिवेदनाला पाद्री मागत होतं. पाद्री स्वतःच ओकत होता. तीन-चार तासांनी, खाली उतरल्यावर, सगळे हळूहळू माणसांत आले. पुढे १५९० मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात आकोस्ताने हा अनुभव लिहिला आणि कारणही दिलं: तिथली हवा इतकी विरळ आहे की माणसाच्या श्वासाला ती पुरत नाही. उंचीच्या आजाराचं पहिलं नीटस वर्णन म्हणून वैद्यकाच्या इतिहासात आजही त्याचाच हवाला देतात.

ज्या लोकांच्या गावांमधून आकोस्ताची ही वरात गेली त्यांना मळमळत नव्हतं. त्यांचा तो रोजचा रस्ता होता आणि पारियाकाका त्यांचा देव होता. त्या मुलुखाचं नाव वारोचिरी. पेरूची राजधानी लिमा, तिच्या पाठीशी पूर्वेला हा डोंगराळ प्रांत उभा आहे. इतिहासाच्या मोठ्या पुस्तकांत त्याला फारशी जागा मिळत नाही, कारण इथे ना इंकांची राजधानी होती ना चांदीचा डोंगर. पण राज्य कागदावर कसं बसवतात आणि जमिनीवर ते कसं वेगळंच बसतं, हे बघायचं असेल तर अँडीज पर्वतात वारोचिरीइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल. इथल्या लोकांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलं आहे, आणि राज्यकर्त्यांनीही त्यांच्याबद्दल भरपूर लिहिलं आहे.

आधी भूगोल, कारण इथलं सगळं भांडण भूगोलातूनच येतं. लिमा समुद्रकाठी, वाळवंटात. तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. तिथून पूर्वेला निघालं की सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आत रस्ता ४,८०० मीटरवर पोचतो. पारियाकाकाचं शिखर ५,७०० मीटरहून उंच. कळसूबाईवर कळसूबाई अशा साडेतीन रचल्या की तिथवर हात पोचेल. या उतारावरून रिमाक, लुरिन आणि माला या नद्या खाली धावतात, आणि रिमाकला तिची उपनदी सांता एउलालिया येऊन मिळते. खोरी अरुंद, कडे सरळ. नदी दिसते, पण ती खाली दरीत. शेत वर, उतारावर. नदीचं पाणी शेताला मिळायचं तर ते कित्येक मैल वरून, डोंगराच्या अंगाने पाट काढून आणावं लागतं.

पेरूचे भूगोलतज्ज्ञ हाविएर पुलगार विदाल यांनी १९४० च्या सुमाराला देशाची विभागणी उंचीप्रमाणे केली आणि तिला लोकांच्या तोंडचीच नावं दिली. ५०० ते २,३०० मीटरपर्यंत युंगा: उबदार, कोरडा, फळांचा पट्टा. इथे लुकुमा आणि सीताफळाच्या जातीचं चिरिमोया पिकतं, आणि पूर्वी कोकाची पानंही. २,३०० ते ३,५०० पर्यंत केचुआ, म्हणजे मक्याचा पट्टा. त्याच्यावर ४,००० पर्यंत सुनी: बटाटा, ओका, माशुआ अशी थंडीतली कंदमुळं. मग ४,८०० पर्यंत पुना, नुसतं गवत, लामा आणि अल्पाका. त्यावर हान्का, म्हणजे बर्फ आणि खडक. वारोचिरीत हे सगळे पट्टे एका दिवसाच्या, फार तर दोन दिवसांच्या पायपिटीत येतात. त्यामुळे इथल्या कुटुंबाची जमीन एका जागी असून भागत नाही. थोडा मका खाली, बटाटा वर, जनावरं त्याहून वर, आणि कोकासाठी खालच्या गरम दरीत एखादा तुकडा किंवा तिथल्या माणसाशी सोयरीक. मानववंशशास्त्रज्ञ जॉन मुरा यांनी १९७२ मध्ये या उभ्या शेतीवर जो सिद्धान्त मांडला, तो इथल्या कुठल्याही म्हातारीला नवा वाटला नसता.

आता पावसाचा हिशोब. डिसेंबर ते मार्च वरच्या भागात पाऊस, बाकीचे महिने कोरडे. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने ज्याच्या हाती तळ्याची मोरी, त्याच्या हाती गाव. वारोचिरीची जी प्राचीन पुराणकथा आहे, तीही पाण्याचीच. वायायो कार्विन्चो हा आगीचा देव, दर घरात दोनच मुलं होऊ द्यायचा आणि त्यातलं एक स्वतः खायचा. मग डोंगरावर पाच अंडी प्रकटली, त्यांतून पाच ससाणे निघाले, ससाण्यांचे पाच पुरुष झाले. हे पाचही जण मिळून पारियाकाका. त्याने पिवळा आणि लाल पाऊस पाच दिशांनी कोसळवला आणि आगीला विझवलं. आग पूर्वेकडच्या जंगलात पळून गेली. तिच्यासोबत खालच्या दऱ्यांमधले युंका लोकही हटले आणि वरचे धनगर उतरून त्यांच्या शेतांचे मालक झाले. कथेतला देव काढून घेतला तर उरते ती सरळ आक्रमणाची हकीकत.

त्याच चक्रातली दुसरी गोष्ट मला अधिक आवडते. चुकीसुसो नावाची बाई आपल्या सुकणाऱ्या मक्याकडे बघून रडत असते. पारियाकाकाची तिच्यावर नजर बसते. तो आपलं पांघरूण तळ्याच्या मोरीत कोंबून उरलासुरला थेंबही बंद करतो, आणि मग साळसूदपणे विचारतो की बाई, का रडतेस? माझी हो, पाणी देतो. बाई पक्की. आधी पाणी, मग बाकीचं. मग देवाच्या हुकमाने पुमा, कोल्हे, साप आणि पाखरं मिळून जुना पाट रुंद करायला लागतात. पुढारी कोल्हा. तो डोंगराच्या अंगाने सरळ रेघ आखत चाललेला असतो, इतक्यात पायाखालून तितरासारखं एक पाखरू फडफडून उडतं, कोल्हा दचकतो आणि खाली कोसळतो. त्याची जागा साप घेतो. म्हणून, गोष्ट सांगणारा म्हणतो, पाट त्या जागी एकदम खाली उतरतो. कोल्हा पडला नसता तर तो वरून गेला असता आणि आणखी जमीन भिजली असती. शेवटी चुकीसुसो पाटाच्या तोंडाशीच दगड होऊन राहते, आणि दरवर्षी पाट साफ करायच्या वेळी लोक मक्याची दारू, चिचा, घेऊन आधी तिच्याकडे जातात. पाटाच्या रेषेत कुठे चूक आहे, हे पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवणारे हे लोक आहेत.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंका आले. त्यांनी या लोकांची दशमान पद्धतीने मोजदाद केली: शंभर घरांची एक पाचाका, हजारांची एक वारांका. आधीचे आयलू, म्हणजे पाणी आणि जमीन सामाईक असलेले भाऊबंद, त्या चौकटीत बसवले. कुराका हे इथले वतनदार. त्यांची वतनं कायम राहिली आणि इंकांची कामं त्यांच्यामार्फत होऊ लागली. इंका हुशार, त्यांनी पारियाकाकाला हात लावला नाही. उलट देवाच्या सेवेला तीस माणसं नेमून दिली. या तिसांची एक आख्यायिका आहे. एकदा लामाचा बळी देऊन त्याची आतडी बघताना कीता पारियास्का नावाचा धनगर म्हणाला, लक्षण बरं नाही, आपल्या देवाला लोक सोडून देणार. बाकीचे पुजारी त्याच्यावरच तुटून पडले: तुला काय कळतं, घाणेरड्या, आमच्या देवाची सत्ता कुठवर आहे ती? थोड्याच दिवसांत बातमी आली की काहामार्काला परके लोक आले आहेत. ते वर्ष १५३२.

हे परके म्हणजे स्पॅनिश. त्यांचा म्होरक्या पिझारो याने राजधानी आधी डोंगरात, हाउहाला केली आणि १५३५ मध्ये ती समुद्रकाठी लिमाला आणली. त्या दिवसापासून वारोचिरीचं नशीब ठरलं. हा प्रांत राजधानीचं परसदार झाला. लिमाहून हाउहाला आणि पुढे कुझकोला जाणारा रस्ता इथूनच जात होता, त्यामुळे वाटेवरची धर्मशाळा, ओझ्याची जनावरं, चारा, पूल हे सगळं इथल्या लोकांच्या माथी आलं. त्याशिवाय मिता. इंकांच्या काळापासूनची ही पाळीची वेठ स्पॅनिशांनी आपल्या कामाला लावली. पाळीपाळीने माणसं लिमाच्या चौकात मजुरीला, मळ्यांवर आणि खाणींवर जात. लिमाच्या उच्चभ्रूंना थंड सरबतं हवीत, म्हणून डोंगरावरून बर्फ खाली पोचवायची मितासुद्धा होती. वेठीच्या आणखीही अनेक तऱ्हा असतील, पण वाळवंटातल्या सरबतासाठी बर्फाची वेठ ही खास वारोचिरीची.

१५६५ पासून पेरूत कोरेहिदोर नेमले जाऊ लागले. हा जिल्ह्याचा मुलकी अधिकारी, न्यायाधीश आणि वसुली कारकून, तिन्ही एकाच माणसात. त्यानंतर व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो आला (१५६९ ते १५८१) आणि त्याने सगळ्या देशाची घडी नव्याने बसवायला घेतली. डोंगरावर विखुरलेल्या वाड्या मोडा, लोकांना एका जागी गोळा करा, चौकोनी गावं वसवा. मधे चौक, चौकाच्या एका बाजूला चर्च, एका बाजूला पंचायतीचं घर आणि कोठडी. रस्ते सरळ. घराचं दार रस्त्याकडेच उघडलं पाहिजे, म्हणजे आत काय चाललंय ते पाद्र्याला आणि कारभाऱ्याला दिसेल. १८ ते ५० वर्षांच्या प्रत्येक पुरुषावर वार्षिक कर. माणूस एका जागी बसला की त्याची मोजणी होते, कर बसतो, पोरांना ख्रिस्ती धर्म शिकवता येतो, आणि पळून गेला तर लगेच कळतं.

वारोचिरीत हे काम दियेगो दाविला ब्रिसेन्यो या कोरेहिदोरने केलं. १५७७ मध्ये माद्रिदहून साम्राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांना पन्नास प्रश्नांची छापील यादी गेली होती: नद्या किती, हवा कशी, झाडं कुठली, पूर्वी लोक कुणाला कर देत, लढाईत काय घालत. दाविला ब्रिसेन्योने १५८६ मध्ये आपल्या प्रांताचा अहवाल लिहिला, सोबत हाताने रंगवलेला नकाशा जोडला. तो नकाशा आज माद्रिदच्या इतिहास अकादमीत आहे. दोनशेहून जास्त वाड्या-वस्त्या मोडून आपण ३९ गावं वसवली, हे त्याने त्या अहवालात नोंदवून ठेवलं आहे. अधिकाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच कामगिरी. दोनशे वाड्या ३९ करताना प्रत्येक वाडीच्या वरच्या कपारीत तिच्या पूर्वजांचे वाळवलेले देह बसलेले होते आणि प्रत्येक वाडीचा स्वतःचा पाट होता. ते अहवालात येत नाही. लोक नव्या गावात झोपायला आले, पण कामाला आणि पूजेला जुन्याच वाटांनी जात राहिले. शेतं हलवता येत नव्हती, तळी तर नाहीच नाही.

पुढची वीस-पंचवीस वर्षं ही व्यवस्था सगळ्यांनी सांभाळून घेतली. गावचा पाद्री बऱ्याच गोष्टींकडे काणाडोळा करी आणि गाव पाद्र्याच्या गोष्टींकडे. हे सामंजस्य मोडलं ते सान दामियान गावात. १५९७ मध्ये तिथे फ्रान्सिस्को दे आविला नावाचा पाद्री आला. जन्म कुझकोचा, दारात टाकून दिलेलं मूल, आईबाप कोण ते नक्की नाही, बहुधा मिश्र वंशाचा; पण बुद्धीने तल्लख, केचुआ भाषेत वाकबगार आणि महत्त्वाकांक्षी. दहा वर्षांनी, १६०७ मध्ये, त्याच्याच गावकऱ्यांनी लिमाच्या धर्मपीठाकडे त्याच्याविरुद्ध फिर्याद केली. मजुरी न देता राबवतो, आमच्याकडून बंदुकीची दारू बनवून घेतो, लिमात स्वतःचं घर बांधायला माणसं नेतो, पिळवणूक करतो, बायकांच्या भानगडी आहेत. अशी कलमं होती. आविलाला काही काळ अटकेतही राहावं लागलं. डोंगरातल्या शेतकऱ्यांनी स्पॅनिश कायद्याच्या भाषेत स्पॅनिश पाद्र्याला कोठडी दाखवली, याचं कौतुक वाटतं. तोलेदोने गावात पंचायत आणि कारकून आणले ते वसुलीसाठी. त्यांचा हा उपयोग त्याच्या स्वप्नातही नसेल.

आविलाने उलटा डाव टाकला. १६०८ च्या ऑगस्टमध्ये वारोचिरी गावात मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण होता. क्रिस्तोबाल चोकेकासा या कुराकाच्या मुलाने त्याला सांगितलं की हे सगळं वरवरचं आहे. सण मेरीचा, पण पूजा पारियाकाकाची आणि त्याची बहीण चौपी न्यामकाची चालते. निदान आविलाचं म्हणणं तसं. चोकेकासाचे स्वतःचे हिशोब काय होते, हा वेगळा प्रश्न. पण आविलाला आता फिर्यादी लोकांना गुन्हेगार ठरवायची वाट सापडली. त्याने गावोगावच्या देवस्थानांची, पूर्वजांची, व्रतांची माहिती गोळा करायला सुरुवात केली. १६०९ च्या २० डिसेंबरला लिमाच्या मुख्य चौकात व्हाइसरॉय मोंतेसक्लारोस आणि आर्चबिशप लोबो गेर्रेरो यांच्यादेखत मूर्ती आणि पूर्वजांचे वाळवलेले देह जाळले गेले. एर्नान्दो पाउकार या म्हाताऱ्या पुजाऱ्याचे केस कापले, त्याला फटके मारले आणि चिलीला हद्दपार केलं. आविला फिर्यादीतून सुटला आणि मूर्तिपूजेचा पहिला चौकशी न्यायाधीश झाला. त्याचं पाहून हे चौकशीसत्र पुढे सबंध आर्चबिशपच्या मुलुखात पसरलं.

याच माहितीच्या खटाटोपात, १६०८ च्या आसपास, केचुआ भाषेतलं एक हस्तलिखित तयार झालं. ते आज माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ३१६९ या क्रमांकाखाली आहे. एकतीस प्रकरणं आणि दोन पुरवण्या. लिहिणारा कोण ते ठाऊक नाही. तो स्थानिक होता, लिहायला शिकलेला होता आणि आपल्या लोकांच्या गोष्टी त्याला आतून माहीत होत्या, एवढं नक्की. पारियाकाका, चुकीसुसो, कोल्हा आणि कीता पारियास्का या सगळ्यांना आपण ओळखतो ते या वहीमुळे. आरोपपत्रासाठी जमवलेला पुरावा म्हणून ती निघाली, आणि अँडीजच्या देवांची कथा अँडीजच्याच भाषेत सविस्तर सांगणारं त्या काळातलं दुसरं पुस्तक उरलेलं नाही. पेरूचे कादंबरीकार होसे मारिया आर्गेदास यांनी १९६६ मध्ये तिचं स्पॅनिश भाषांतर केलं.

त्या वहीचं शेवटचं, एकतिसावं प्रकरण बहुतेक वाचक चाळून सोडतात. मला ते सगळ्यांत खरं वाटतं. त्यात सान दामियानमधल्या कोंचा नावाच्या आयलूची आणि त्यांच्या यान्सा तळ्याची हकीकत आहे. तळं कुणाचं, त्याच्यावर बसणारा अधिकारी कोण, पाणी कधी सोडायचं, तळ्याला काय वाहायचं, पाटकऱ्याचं काम कुणाकडून कुणाकडे गेलं. देवांच्या गोष्टी सांगता सांगता लिहिणारा शेवटी पाण्याच्या हक्कनोंदीवर येऊन थांबतो. त्याच सान दामियानमध्ये कोंचा हे नाव आजही चालतं.

अठराव्या शतकाकडे जरा झपाट्याने जाऊ. कोरेहिदोर आता पगारापेक्षा व्यापारावर जगत होते. खेचरं आणि कापड गावावर बळजबरीने लादायचं, किंमत स्वतः ठरवायची, पैसे भरले नाहीत तर कोठडी. १७५० मध्ये लिमात राहणाऱ्या काही इंडियन, म्हणजे मूळनिवासी, कारागिरांचा कट उघडकीला आला आणि जुलैमध्ये सहा जणांना फाशी झाली. त्यांतून निसटलेला फ्रान्सिस्को हिमेनेस इंका वारोचिरीला पळाला. तिथल्या कुराकाची मुलगी त्याची बायको होती. महिना संपायच्या आत प्रांत पेटला. कोरेहिदोरचा नायब आणि त्याच्याबरोबरचे स्पॅनिश लोक मारले गेले, पूल तोडले गेले, राजधानीचं परसदार बंद झालं. चार वर्षांपूर्वीच्या भूकंपातून लिमा अजून सावरली नव्हती; शहराची पाचावर धारण बसली.

उठाव मोडला तो तलवारीपेक्षा टपालाने. सेबास्तियान फ्रांको दे मेलो या खाणमालकाचा या भागात जुना वावर होता आणि कुठल्या गावाचं कुठल्या गावाशी काय वैर आहे हे त्याला पाठ होतं. त्याने गावोगावी पत्रं धाडली, अशी की प्रत्येक गावाला वाटावं शेजाऱ्याने दगा दिला. लिमाहून फौज चढून आली तेव्हा एकजूट आधीच फुटली होती. पुढारी फासावर गेले. फ्रांको दे मेलोने नंतर आपल्या पराक्रमाची रोजनिशी लिहिली. दोनशे वाड्यांची ३९ गावं केली तरी हद्दीची आणि पाण्याची भांडणं मिटली नव्हती, याचा त्याच्याइतका फायदा कुणी घेतला नाही.

१७८३ मध्ये फेलिपे वेलास्को तुपाक इंका युपांकी याने इथेच पुन्हा उठाव केला; त्यालाही लिमात फाशी झाली. या उठावाशी जोडलेल्या दोन खिपू, म्हणजे गाठी-दोऱ्यांच्या नोंदी, सान हुआन दे कोयाता या गावाने चर्चमधल्या लाकडी पेटीत जपून ठेवल्या होत्या. २०१५ मध्ये गावकऱ्यांनी त्या संशोधक सबिन हायलंड यांना दाखवल्या. विकुन्या, अल्पाका, ग्वानाको, लामा, हरीण आणि विस्काचा या प्राण्यांच्या लोकरीचे, चौदा रंगांचे दोरे. त्यांत ९५ वेगवेगळी चिन्हं त्यांनी मोजली. गावातले जाणते लोक सांगतात, ही आमच्या पुढाऱ्यांची युद्धाबद्दलची पत्रं आहेत. फ्रांको दे मेलोच्या भूमीत हे उत्तर शोभून दिसतं.

दरम्यान १७८४ मध्ये कोरेहिदोर गेले, इंतेंदेंत आले. माणसं बदलली, वसुली राहिली. ४ ऑगस्ट १८२१ रोजी, पेरूचं स्वातंत्र्य जाहीर करून आठवडा उलटतो न उलटतो तोच, स्वातंत्र्यसेनानी सान मार्तिनने काढलेल्या फर्मानात वारोचिरी नव्या राष्ट्राचा प्रांत म्हणून उभा राहिला. त्याच महिन्यात त्याने इंडियनांवरचा कर रद्द केला आणि यापुढे त्यांना पेरूवासी म्हणावं असं फर्मावलं. पाच वर्षांनी तो कर नाव बदलून परत आला आणि १८५४ पर्यंत टिकला. स्वातंत्र्यलढ्याचा दुसरा सेनानी बोलिव्हार याने १८२५ मध्ये कुराकांची पदं खालसा केली. मग गावचा धनी कोण? त्या पोकळीत तालुका आला. २ जानेवारी १८५७ च्या नगरपालिका कायद्याने देशभर शेकडो तालुक्यांना कागदोपत्री अस्तित्व दिलं.

मग आगगाडी. हेन्री मेग्ज या अमेरिकन ठेकेदाराने १८७० मध्ये लिमाहून डोंगरावर रूळ टाकायला सुरुवात केली. आखणी पोलिश अभियंता एर्नेस्तो मालिनोव्स्की यांची. रिमाकच्या दरीत वेर्रुगास नाल्यावर पूल बांधताना मजूर एका अनोळखी तापाने पटापट मेले. हा ताप आणि अंगावर उठणारे चामखीळ एकाच रोगाची दोन रूपं आहेत का, हे शोधायला दानिएल आल्सिदेस कार्रियोन या वैद्यकीय विद्यार्थ्याने १८८५ मध्ये तो रोग स्वतःला टोचून घेतला आणि त्यातच त्याचा अंत झाला. त्या पुलाला आता त्याचं नाव आहे. गालेरा बोगद्यात रूळ ४,७८१ मीटरवर पोचले. पण गाडी गेली रिमाकच्या काठाने. जुनं वारोचिरी गाव माला नदीच्या खोऱ्यात बाजूला पडलं, आणि रुळांवरचं मातुकाना प्रांताचं मुख्य ठिकाण होऊन बसलं. प्रांताला आपलं नाव देणारं गाव आज त्या प्रांताची राजधानी नाही.

विसाव्या शतकात तालुके फुटत गेले. वरच्या वाडीला कसब्याच्या चर्चचं छप्पर दुरुस्त करायला फुकट जावं लागे, आणि पाण्याची पाळी मात्र कसबाच ठरवी. वाडीने मग आधी स्वतःचा समाज नोंदवायचा (१९२० च्या घटनेने या समाजांना मान्यता दिली होती), मग शाळा बांधायची, मग संसदेत आपला माणूस गाठून तालुका मागायचा. वारोचिरीचा तो माणूस बरीच वर्षं हुलिओ सेसार तेयो होता. १८८० मध्ये याच डोंगरात जन्मलेला, पेरूच्या पुरातत्त्वशास्त्राचा जनक म्हणून ओळखला जाणारा, आणि १९१७ ते १९२९ या प्रांताचा खासदार. आज वारोचिरीत ३२ तालुके आहेत. त्यांतल्या काहींची लोकसंख्या हजारापर्यंतही पोचत नाही. कार्यक्षमतेच्या नावाने बोटं मोडणारे अधिकारी याला वेडेपणा म्हणतात. मला तो वेडेपणा वाटत नाही. दाविला ब्रिसेन्योने जे जबरदस्तीने एकत्र बांधलं, ते चारशे वर्षांनी कायदेशीर अर्ज करून सुटं झालं, आणि ज्या रेघांवरून सुटं झालं त्या बऱ्याच ठिकाणी पाटांच्या रेघा आहेत.

तुपिकोचा गावात नव्या वर्षाच्या सुरुवातीला मोठी सभा भरते. आयलूंचे नवे अध्यक्ष कारभार हाती घेतात, आणि आपापल्या आयलूचं जुनं खिपू त्यांच्या खांद्यावरून तिरकं घातलं जातं. त्यातल्या गाठी आता कुणालाच वाचता येत नाहीत, पण खिपूशिवाय पद मिळत नाही. हिशोबाच्या वह्या त्याच सभेत तपासल्या जातात. सान पेद्रो दे कास्तामध्ये ऑक्टोबरात पाट साफ करायचा सोहळा असतो. कुणी काय करायचं, उशिरा आलं तर काय, गैरहजर राहिलं तर दंड किती, हे गावाने १९२१ मध्ये एका वहीत लिहून ठेवलं आहे.

वरचं सरकार मात्र फिरतंच आहे. लिमा शहर वेगळं काढल्यावर उरलेल्या प्रांतांचं प्रादेशिक सरकार २००३ पासून वाचो या शहरात बसतं. वाचो समुद्रकाठी, लिमाच्या उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. सान दामियानच्या माणसाला तिथे कामासाठी जायचं तर आधी लिमाला उतरावं लागतं, सबंध शहर ओलांडावं लागतं आणि मग पुढची गाडी धरावी लागते. पाटाच्या पाळीसाठी त्याला वाचोला जावं लागत नाही. ती गावची सभाच ठरवते.